‘सिकल पॉझिटिव्ह’ एवढं लिहून भागत नाही

समोर लॅब टेक्निशियन आहेत, फार्मासिस्ट आहेत, डेटा एन्ट्री ऑपरेटर आहेत, दोन-चार मेडिकल ऑफिसरही दिसतात. तुमच्या संगणकावरची रुग्णाची नोंद नागपूरच्या संगणकावर सुखरूप कशी पोचते आणि वाटेत कुठं अडकते, एवढाच आजचा विषय.

धरा, गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातली एकोणीस वर्षांची मुलगी अंगदुखीनं बेजार होऊन नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पोचली. नोंदीत लिहिलंय ‘सिकल पॉझिटिव्ह, एचबी ७.२’. नागपूरच्या निवासी डॉक्टरांना यातून काय कळेल? जवळजवळ काहीच नाही. सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. त्याची साधी सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सदोष हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एस आहे, इतकंच. ती वाहक आहे की आजारी, म्हणजे एएस की एसएस, हे त्या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, लागते. त्यात दोन-तीन महिन्यांत तिला रक्त चढवलं असेल, तर दात्याचं नेहमीचं हिमोग्लोबिन ए मिसळून एचपीएलसीचा निकालही फसवू शकतो. म्हणून निकालाबरोबर चाचणीची पद्धत आणि शेवटच्या रक्तसंक्रमणाची तारीख हवीच.

आता ते ७.२. एसएस रुग्णाचं हिमोग्लोबिन एरवीही कमीच असतं. तिचं गेली दोन वर्षं साडेसातच्या आसपास असेल, तर ७.२ ही मोठी घसरण नाही. ते साडेनऊ असायचं असेल, तर काहीतरी बिघडलंय. जुने आकडे समोर नसले की विनाकारण रक्त चढवलं जातं, किंवा गरज असून राहून जातं. माहितीची देवाणघेवाण हवी ती यासाठी. ‘डिजिटल झालो’ असा बोर्ड लावण्यासाठी नव्हे.

हे साधायचं तर दोन्हीकडच्या संगणकांना एकच भाषा हवी. भारतात आरोग्य मंत्रालयानं ईएचआर, म्हणजे संगणकीय आरोग्य नोंदींची, मानकं २०१३मध्ये आणली, २०१६मध्ये सुधारली. निदान-लक्षणांसाठी स्नोमेड सीटी, लॅब तपासण्यांसाठी लॉइंक, आजारांच्या वर्गीकरणाला आयसीडी-१०, एक्स-रे आणि सीटीच्या चित्रांना डायकॉम. आयसीडीत सिकलसेल ट्रेट, म्हणजे नुसता वाहक, डी५७.३; क्रायसिस, म्हणजे आजार अचानक उसळून तीव्र वेदना होणं, नसलेला आजार डी५७.१, क्रायसिस असलेला डी५७.०. स्नोमेडमध्ये ट्रेट १६४०२००० आणि एसएस आजार १२७०४०००३. हे आकडे पाठ करायचे नाहीत, सॉफ्टवेअरच्या यादीतून निवडायचे. पण यादीत ‘सिकल’ टाइप करून पहिली जी ओळ येईल तिच्यावर क्लिक केलं, तर वाहक मुलीला आयुष्यभराचा आजार चिकटतो. लग्नाच्या बोलणीत त्याचं काय होतं, ते विदर्भात कुणाला सांगायला नको.

लॅबवाल्यांसाठी आणखी एक जागा दाखवतो. आपल्याकडे प्लेटलेट लाखात सांगायची सवय. रिपोर्टवर ‘१.८’ लिहिलं की त्याचा अर्थ एक लाख ऐंशी हजार, हे इथल्या माणसाला न सांगता कळतं. लॉइंकमध्ये यंत्रावर मोजलेल्या प्लेटलेटचा कोड ७७७-३, आणि त्याबरोबर बहुतेक ठिकाणी एकक धरतात ‘हजार प्रति मायक्रोलिटर’. तुम्ही १.८ भरलं आणि एककाची चौकट रिकामी सोडली, तर पलीकडचं सॉफ्टवेअर वाचतं अठराशे. डेंग्यूच्या दिवसांत असा आकडा आला की तिथं धावपळ सुरू होते. भरायचं ते १८०, आणि एकक वेगळ्या चौकटीत, यूकम या एककं लिहायच्या ठरलेल्या पद्धतीनं. आकडा आणि एकक एकाच चौकटीत ‘१.८ लाख’ असं लिहिलं की संगणकाच्या लेखी तो आकडाच उरत नाही, नुसता मजकूर होतो.

हे सगळं ज्या पाकिटात भरतात त्याचं नाव फायर, म्हणजे नोंदी देवाणघेवाणीसाठी मांडायचं मानक, आवृत्ती आर४. देशभरातल्या आरोग्य नोंदी जोडणाऱ्या सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी त्याचे भारतीय आराखडे पुण्याच्या सी-डॅकमधलं एनआरसीईएस केंद्र काढतं. पाकिटात पहिलं पान ‘कंपोझिशन’, म्हणजे कुणाचं, कुणी, कधी, कुठल्या दवाखान्यात. मागे रुग्ण, डॉक्टर, निरीक्षणं, औषधं. ओपीडी, प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज, लॅब रिपोर्ट, लसीकरण, प्रत्येकाचा साचा वेगळा. याहून खोलात आज जात नाही, ते काम सॉफ्टवेअरवाल्यांचं.

ओळख पटवणं मात्र पूर्णपणे तुमच्या काउंटरवर घडतं, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथंच. आभा क्रमांक, म्हणजे याच मिशनमधली रुग्णाची ओळख, १४ आकडी. तो ऐच्छिक आहे, नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. रुग्णाच्या ॲपमधून जुन्या नोंदी शोधताना तुमचं सॉफ्टवेअर आभा, मोबाइल, नाव, लिंग आणि जन्मवर्ष ताडून पाहतं. आता मडावी आडनाव रोमन लिपीत कुणी व्ही घालून लिहितं, कुणी डब्ल्यू. उईकेच्या शेवटी कुणी वाय लावतं, कुणी लावत नाही. एकाच बाईची तीन ठिकाणी तीन माणसं होतात. आधारवर जे आहे तेच स्पेलिंग ठेवा, घरचं नाव वेगळ्या चौकटीत.

जन्मतारखेचंही तसंच. वय विचारलं की आजीबाई सांगतात, ‘असीन साठक वर्साची’. मग ऑपरेटर १ जानेवारी टाकून मोकळा होतो. नका टाकू. फायरच्या तारखेच्या चौकटीत नुसतं ‘१९६४’ चालतं. माहीत आहे तेवढंच लिहा. खोटी तारीख टाकली की दुसऱ्या दवाखान्यातली खरी तारीख तिच्याशी जुळत नाही.

आणि मोबाइल. ‘ओटीपी कायचा जी? पोराच्या फोनवर येते, अन् पोरगा तर मिरची तोडाले तेलंगणात.’ हे वाक्य आपल्या भागात रोजचं. अशा वेळी आशाताईंचा किंवा ऑपरेटरचा नंबर टाकून काम उरकतात. त्यानं एका नंबरावर बरीच माणसं जमतात, आणि सगळ्यांच्या परवानगीच्या विनंत्या त्या एकाच फोनवर यायला लागतात. नंबर नसेल तर आभा आज काढू नका. केसपेपर काढा, उपचार करा.

आता परवानगी. नागपूरच्या डॉक्टरांना तुमची नोंद हवी असेल तर त्यांचं सॉफ्टवेअर आधी परवानगी-व्यवस्थापकाकडे, म्हणजे रुग्णाचा होकार घेऊन ठेवणाऱ्या यंत्रणेकडे, विनंती टाकतं. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: कशासाठी, कुठल्या प्रकारच्या नोंदी, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंतच्या, आणि मिळालेली प्रत कधी पुसायची. रुग्णानं होकार दिला की डिजिटल सही असलेला परवानापत्रासारखा दस्तऐवज तयार होतो. रुग्ण तो नंतर रद्दही करू शकतो. नोंदी कुठल्या मध्यवर्ती गोदामात ठेवलेल्या नाहीत, त्या तुमच्याकडेच राहतात आणि मागणी आली की तिथूनच थेट निघतात. मिशनचा गेटवे मधे निरोप्याचं काम करतो, पाकीट उघडत नाही.

‘सगळ्या प्रकारच्या नोंदी, गेल्या दहा वर्षांच्या’ अशी सरसकट विनंती हा आळस आहे. हाड मोडलेल्या माणसाच्या डोक्याच्या आजाराच्या नोंदी मागायचं कारण नाही. आणि ओटीपी विचारून स्वतःच बटण दाबणं ही परवानगी नव्हे. वाचता येत नसेल तर ऑपरेटरनं मोठ्यानं वाचून दाखवावं, माडियात किंवा गोंडीत सांगणारं कुणी असेल तर त्याला बोलवावं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यालाही समजून-उमजून दिलेलाच होकार अपेक्षित आहे.

आता कुलपाकडे येऊ, म्हणजे वाटेत नोंद कुणाला वाचता येऊ नये याच्या सोयीकडे. मागणारा दवाखाना प्रत्येक मागणीला नवी चाव्यांची जोडी बनवतो आणि त्यातली उघडी चावी, म्हणजे कुणालाही दाखवता येणारी, व ३२ बाइटची एक यादृच्छिक संख्या पाठवतो. तुमचं सॉफ्टवेअरही तसंच करतं. कर्व्ह२५५१९ या गणिती वक्रावर दोघंही आपापली गुप्त चावी समोरच्याच्या उघड्या चावीशी जोडतात आणि दोन्हीकडे एकच सामायिक रहस्य तयार होतं, ते कधी तारेवरून जातच नाही. दोन्ही यादृच्छिक संख्यांचा एक्सऑर घ्यायचा, म्हणजे त्या बिटगणिक एकमेकींत मिसळायच्या. त्याचे पहिले २० बाइट सॉल्ट, म्हणजे चावी बनवताना मिसळायचा भाग, शेवटचे १२ बाइट आयव्ही, म्हणजे कुलूप लावतानाचा सुरुवातीचा आकडा. सॉल्ट आणि रहस्य एचकेडीएफ या चावी बनवायच्या सूत्रातून काढलं की ३२ बाइटची चावी मिळते, आणि तिनं एईएस-जीसीएम या कुलपाच्या पद्धतीनं नोंद बंद करायची. जीसीएम शेवटी १६ बाइटचा शिक्का लावतं. वाटेत एक अक्षर जरी बदललं तरी उघडताना तो जुळत नाही आणि नोंद नाकारली जाते.

इथं काय बिघडतं? एक, कुणीतरी वेळ वाचवायला चाव्यांची जोडी एकदाच बनवून कायमची वापरतं. मग ती एक चावी फुटली की मागचं सगळं उघडं. दुसरं जास्त चिकट आहे. एकच वक्र दोन रूपांत मांडता येतो; मिशनच्या नमुना कोडमध्ये तो वायरस्ट्रास रूपात आहे, म्हणून उघडी चावी ६५ बाइटची येते. बहुतेक नव्या लायब्ररी त्याच वक्राची माँटगोमेरी रूपातली ३२ बाइटची चावी देतात. नाव तेच, पण एकीचं रहस्य दुसरीशी जुळत नाही, आणि पडद्यावर फक्त ‘डिक्रिप्शन फेल’ दिसतं. सॉफ्टवेअर पुरवणारा ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे’ म्हणाला, तर त्याला चावीची लांबी विचारा.

नेटवर्कचे प्रॉब्लेम अर्थातच आहेत. गेटवे विनंती घेतो तेव्हा ‘मिळाली’ एवढंच सांगतो, खरं उत्तर नंतर तुमच्या सर्व्हरच्या पत्त्यावर येतं. सर्व्हर दवाखान्यातल्या टेबलाखाली असेल, ब्रॉडबँडचा पत्ता रोज बदलत असेल आणि दुपारी तीन तास लाइन, म्हणजे वीज, नसेल, तर उत्तर दारावर टकटक करून परत जातं. म्हणून बाहेरच्या जगाशी बोलणारा भाग क्लाउडवर ठेवावा आणि दवाखान्यातल्या यंत्रानं लाइन आल्यावर रांगेतलं काम त्याला द्यावं.

लाइनीचा आणखी एक प्रताप आहे. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. तो संपला की लाइन गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं संगणकाला वाटतं आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. दोन दिवस फोनाफोनी चालते, दोष निघतो किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलचा. सेल बदला, आणि घड्याळ इंटरनेटवरून जुळवायची सोय चालू ठेवा.

वेळेतच दडलेली दुसरी चूक जास्त घातक आहे. फायरमध्ये इथल्या वेळेनंतर ‘+०५:३०’, म्हणजे जागतिक वेळेहून साडेपाच तास पुढे, असं लिहावं लागतं. काही सॉफ्टवेअर इथली वेळ घेतात आणि शेवटी जागतिक वेळेचं चिन्ह लावतात. धानाच्या बांधीत रात्री आठला घोणस चावली, नोंद तशीच गेली, तर नागपूरला ती मध्यरात्रीनंतरचे दीड वाजलेले दाखवते, तारीखही पुढची. साडेपाच तास उडाले. वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीची वेळ, प्रतिविषाच्या किती व्हायल कधी दिल्या, पुढचा डोस कधी, सगळं त्याच घड्याळावर मोजतात.

जुने कागद स्कॅन करून पाठवता येतात, आरोग्य दस्तऐवज या प्रकारात. पण रंगीत, ६०० डीपीआयवर कशाला? ग्रेस्केल, २०० डीपीआय पुष्कळ झालं. पीडीएफ पाकिटात भरताना बेस६४, म्हणजे नुसत्या अक्षर-आकड्यांच्या रूपात, होतं आणि एक तृतीयांशानं फुगतं, ३ एमबीचं ४ एमबी. आणि स्कॅनमधलं हिमोग्लोबिन डॉक्टरांना वाचता येतं, संगणकाला त्याचा आलेख काढता येत नाही. सिकलच्या रुग्णाचे निदान शेवटचे तीन-चार हिमोग्लोबिन चौकटीत टाइप करा.

सापाचा रुग्ण १०८मध्ये चढतो तेव्हा ओटीपीची वाट पाहायची नाही. बेशुद्ध माणसासाठी आणीबाणीचा वेगळा हेतू-कोड मानकात आहे, पण पलीकडे कुणी तो वापरेल याच्या भरवशावर रुग्ण पाठवू नका. रेफर चिठ्ठी हातानं लिहा, चावल्याची वेळ आणि व्हायलची संख्या सर्वांत वर, आणि ती नातेवाइकाच्या खिशात न देता १०८च्या डॉक्टरच्या हातात द्या. नोंद मागून जाऊ द्या.