गाण्यापायी वाढलेली शिक्षा

श्रोतेहो, नमस्कार.

तिबेटची राजधानी ल्हासा, तिच्याजवळ द्रापची नावाचा तुरुंग होता. १९९३ साली तिथल्या चौदा बौद्ध भिक्षुणींनी चोरून आत आणलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणी म्हटली. आपल्या देशाची, घरच्यांच्या आठवणीची, दलाई लामांवरच्या श्रद्धेची. ती कॅसेट भिंतीबाहेर पोचली, जगभर ऐकली गेली. आणि या बायकांची शिक्षा आणखी कित्येक वर्षं वाढवण्यात आली. फुनत्सोग न्यिद्रोन त्यांच्यातलीच. ती सुटली थेट २००४ मध्ये.

गाण्याला सत्ता एवढी का घाबरते, याचं उत्तर मला निर्वासितांच्या वागण्यात सापडतं. मार्च १९५९ मध्ये ल्हासातला चिनी सत्तेविरुद्धचा उठाव चिरडला गेला. दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. राहायला तंबू, पोटासाठी डोंगरात रस्ते फोडायचं काम. अशा दिवसांत, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्यांनी कालिंपाँगला संगीत, नृत्य आणि नाट्याची संस्था काढली. डोक्यावर धड छप्पर नव्हतं हो! आज ती धरमशालेत मॅक्लिऑडगंजला आहे, ‘टिपा’, म्हणजे ‘तिबेटन इन्स्टिट्यूट ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’, या नावाने. ल्हामो ही संगीत नाटकं आणि ड्रान्येन हे तंतुवाद्य तिथे मुलं शिकतात. त्यातल्या बहुतेकांनी तिबेट पाहिलेलाही नाही.

नवांग चोफेल तिथलाच विद्यार्थी. दोन वर्षांचा असताना आई त्याला घेऊन तिबेटातून निसटली. कर्नाटकातल्या मुंडगोडच्या वसाहतीत तो वाढला. पुढे अमेरिकेत शिकला, आणि १९९५ मध्ये कॅमेरा घेऊन तिबेटात गेला तो लोकगीतं टिपायला. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या, तशी तिथे कामाची गाणी असतात, आणि ती विरत चालली होती. शिगात्सेला त्याला पकडलं. आरोप हेरगिरीचा, शिक्षा अठरा वर्षांची. गाणी गोळा करणाऱ्या माणसाला!

त्याची आई, सोनम देक्यी, दिल्लीत रस्त्यावर बसून राहिली. मुलाला भेटू द्या, एवढंच तिचं मागणं. भेट झाली २००० साली. २००२ मध्ये तो सुटला. तुरुंगातही त्याने सोबतच्या कैद्यांकडून गाणी मिळवली होती. २००९ साली त्याचा ‘तिबेट इन साँग’ हा माहितीपट आला. ज्यांनी ही गाणी जपली, त्या सामान्य माणसांचा एवढा मान मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

यांग्चेन ल्हामो या गायिकेचंही नाव घ्यायला हवं. १९८९ मध्ये ल्हासातून पळून ती धरमशालेला आली, मग ऑस्ट्रेलियाला गेली. कित्येकदा एकही वाद्य सोबत न घेता गाते, आणि सभागृह भरून जातं.

हे सगळं आपल्यापासून दूर नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकणारी कुटुंबंही अशाच वसाहतींतून येतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लोसार, म्हणजे त्यांचं नववर्ष, येतं. तेव्हा वसाहतींत गोल फेर धरून नाचगाणं होतं. ओळख असेल तर जरूर जा, आणि फेरात एखादं गाणं कानावर पडलं की ते कुठल्या गावचं, हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आता ऐकू या ड्रान्येनवर वाजवलेली एक तिबेटी लोकधून.