किडनी मोजायची पट्टीच चुकली तेव्हा

नमस्कार मंडळी! आज आधी एक गणित करू. 55 गुणिले 1.159. मोबाईलवर करा हवं तर. उत्तर येतं साधारण 64.

आता हे 55 काय आहे? लॅबच्या रिपोर्टवर 'ईजीएफआर' छापलेलं असतं ना, तो आकडा. किडनी मिनिटाला किती मिलीलिटर रक्त गाळते, त्याचा अंदाज. तीन महिन्यांहून जास्त काळ तो 60 च्या खाली राहिला, की किडनीचा जुनाट आजार धरतात. म्हणजे 55 वाला पेशंट आणि 64 वाल्याला घरी पाठवायचं. आणि ईजीएफआर काढायच्या 2009 च्या, जगभर वापरल्या गेलेल्या सूत्रात लिहिलं होतं की माणूस कृष्णवर्णीय असेल तर 1.159 ने गुणा! अमेरिकेतल्या लोकांच्या तपासण्यांवरून हा आकडा काढला होता. 2021 मध्ये तो सूत्रातून वगळला. पण आफ्रिकेतल्या खेड्यांचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही.

दक्षिण आफ्रिकेत, क्रूगर अभयारण्याच्या शेजारी, बुशबकरिज भागात अॅजिनकोर्ट म्हणून गावांचा एक पट्टा आहे. विटवॉटर्सरँड विद्यापीठाची माणसं तिथे 1992 पासून घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर सगळं नोंदवतात. मोझांबिकच्या यादवीतून पळून आलेली कुटुंबंही तिथेच वसली. समजा तिथल्या एका घरी कार्यकर्ती गेली. घरात त्सोंगा भाषेत जिला 'कोक्वाना' म्हणतात, ती आजी. आजीला आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, दंडाच्या मापाचा पट्टा बांधायचा, बीपी एकदा नाही, दोन-तीनदा घ्यायचं. मग लघवीत प्रथिन जातंय का ते बघायचं आणि रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून सूत्राने ईजीएफआर काढतात.

इथेच मेख आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. किडनी ते गाळून बाहेर टाकते. रक्तात ते साचलं तर किडनी मंदावली, असं आपण समजतो. पण आजीच्या अंगावर मांसच नसेल तर? हातापायाच्या काड्या, आयुष्यभर पोटाला चिमटा. तिच्या अंगात क्रिएटिनिन तयारच कमी होतं. किडनी अर्धी गेली तरी रिपोर्ट म्हणतो, सगळं ठीक. आम्ही रिपोर्टला किती मानतो, आणि तो भुकेलाच निरोगीपणा समजून बसतो, हे मला फार लागतं.

मग खरं मोजायचं कसं? अॅजिनकोर्ट, युगांडा आणि मलावी इथल्या संशोधकांनी मिळून आयोहेक्सॉल वापरलं. हे द्रव्य शिरेतून देतात आणि ते जवळजवळ फक्त किडनीतूनच बाहेर पडतं. मग काही तास ठरावीक वेळाने रक्त घ्यायचं आणि ते किती वेगाने कमी होतंय ते बघायचं. सुई लावून माणसाला अर्धा दिवस बसवून ठेवायचं, तेही रोजंदारीवर किंवा शेतावर जाणाऱ्याला! तरी अडीच हजारांवर लोकांची मोजणी झाली. 2022 मध्ये निष्कर्ष छापून आले: क्रिएटिनिनची सूत्रं या लोकांची किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवतात. आजार वाटला होता त्याहून बराच जास्त पसरलाय.

यातला मलावीचा कारोंगा जिल्हा मुळात कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी निवडला होता, आणि युगांडातलं क्यामुलिब्वा 1989 मध्ये एचआयव्हीसाठी. औषधांमुळे आता एचआयव्हीची माणसं म्हातारपण बघतात, ही केवढी मोठी गोष्ट! पण वय वाढलं की बीपी येतं, आणि बीपी किडनी खातं. किडनी बिघडली की बीपी आणखी चढतं. एकाने दुसऱ्याला ढकलायचं, आणि दुखत काहीच नाही.

खेड्यातल्या माणसाची किडनी पूर्ण गेली तर डायलिसिस बहुतेक मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दवाखान्यांतही जागा मोजक्या, कुणाला द्यायची ते निवडावं लागतं. म्हणून सगळी भिस्त लवकर पकडण्यावर आणि बीपीच्या गोळीवर. एनालाप्रिलसारखी गोळी जुनी आहे, स्वस्त आहे. ती वेळेत सुरू करायची तर आजीचा आकडा 64 नाही, 55 आहे हे आधी कळायला हवं. आणि तीन महिन्यांनी कुणीतरी पुन्हा त्याच वाटेने तिच्या घरी जाऊन, परत एकदा तपासायला हवं.