क्लासला नाव देताना

सीएसएस, म्हणजे वेबपेजचं रंगरूप ठरवणारी भाषा, तिच्यात क्लासना नावं कशी द्यायची ते बघायचंय, पण आधी तिची खरी गोची बघू. 1996 मध्ये सीएसएसचं पहिलं स्टँडर्ड आलं तेव्हा वेबपेज म्हणजे साधं डॉक्युमेंट होतं, त्यामुळे सगळे नियम पानभर लागू, हे तेव्हा ठीकच होतं. आज मात्र तुम्ही प्रॉडक्ट लिस्टसाठी टायटल नावाचा क्लास (पानावरच्या भागाला दिलेलं नाव, त्यावरून नियम लागतो) लिहिता, टीममधलं दुसरं कुणीतरी फूटरसाठी टायटलच लिहितं, आणि ब्राउझर काही कुरकुर करत नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त भलत्याच ठिकाणचं हेडिंग मोठं होऊन बसतं. मग आपण साइडबारच्या आतली लिस्ट, तिच्या आतलं टायटल असा लांबलचक सिलेक्टर (नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग) लिहितो, तेवढ्यापुरतं भागतं, पण त्याचं वजन, म्हणजे दोन नियम भिडले तर कोण जिंकणार ते ठरवणारा जोर, वाढलेलं असतं, पुढच्याला तो नियम मोडायचा तर आणखी वजनदार लिहायला लागतं, मग कुणीतरी आयडी (पानावरच्या एकाच भागाचं खास नाव) घुसवतं (एक आयडी ढीगभर क्लासना भारी पडतो), आणि मग बाकी नियमांवर मात करणारा !important चा शिक्का आहेच.

रशियातल्या यांडेक्स या सर्च कंपनीतून आलेली, क्लासना नावं देण्याची बेम पद्धत इथे कामाला येते. बेम म्हणजे ब्लॉक (स्वतंत्र तुकडा), एलिमेंट (त्याचा भाग), मॉडिफायर (त्याचा वेगळा अवतार). आता कोड बघा, देवनागरीतच लिहिलाय, सीएसएसला चालतं ते:

.कार्ड
.कार्ड__फोटो
.कार्ड__किंमत
.कार्ड--सवलत

दोन अंडरस्कोर म्हणजे कार्डाचा भाग, दोन डॅश म्हणजे कार्डाचा वेगळा अवतार. मूळ यांडेक्सवाले मॉडिफायरला एकच अंडरस्कोर लावतात, डॅशवाली पद्धत बाहेर रुळली, कुठलीही घ्या पण टीमभर एकच घ्या. प्रत्येक नियमात एकच क्लास, म्हणजे सगळ्यांचं वजन सारखं, मारामारीच नाही. एचटीएमएलमध्ये मात्र कार्ड आणि कार्ड--सवलत दोन्ही क्लास लावायचे, नुसता मॉडिफायर लावला तर बेसिक स्टाइल येणारच नाही.

सगळ्यात जास्त गडबड कुठे होते सांगू? कार्ड__बॉडी__टायटल. असं नको. कार्ड__टायटल पुरे, कारण उद्या टायटल बॉडीतून काढून हेडरमध्ये टाकलं तर नाव खोटं पडतं. तसंच बटण--लाल नको, क्लायंट निळा मागणारच, मग लाल नावाचं निळं बटण सांभाळत बसा. बटण--डिलीट म्हणा. आणि जावास्क्रिप्टने पकडायचं असेल तर जेएस- लावून वेगळा क्लास द्या, त्याला स्टाइल देऊच नका, नाहीतर डिझाइन बदलताना कुणीतरी नाव बदलतं आणि खरेदीचं बटणच बंद.

नावं लांब आणि कुरूप दिसतात हे खरंय. पण फीचर काढायचं ठरलं की कार्ड__ सर्च करा, कुठे कुठे वापरलंय ते समोर येतं, बिनधास्त उडवा. साधं टायटल सर्च करून बघा, कुणाची हिंमत होत नाही, म्हणून तर फायली फुगतात.

सीएसएस मॉड्यूल्स हे टूल हल्ली नावाला हॅश (आपोआप बनलेली अक्षरं) जोडून टक्कर टाळतं, टेलविंड (तयार छोट्या क्लासचा संच) वापरणाऱ्यांना नावंच फारशी लागत नाहीत, ते असेल तर बेमचा हट्ट नको. जुना प्रोजेक्ट असेल तर सगळं रिनेम करत बसू नका, नवीन कंपोनंटपासून सुरू करा, जुनं हात लागेल तसं बदलेल.