ड्युटी लावतं कोण?

(दृश्य: पोलीस ठाण्याचा व्हरांडा. भिंतीवर फळा, त्यावर खडूनं लिहिलेली नावं. पाळी बदलायची वेळ.)

संध्याकाळ झाली की ठाण्यातल्या प्रत्येक अंमलदाराची, म्हणजे शिपाई-हवालदाराची, नजर एका कागदाकडे लागते. उद्याच्या ड्युटीचा तक्ता. नाकाबंदीला कोण, बीट चौकीत कोण, कोर्टात कोण, आरोपींची ने-आण करणाऱ्या पार्टीला कोण, रात्रपाळी कोणाची, आणि कोणाची साप्ताहिक सुट्टी याही आठवड्यात गेली, ते सगळं त्यावर असतं.

हा तक्ता लिहितो हजेरी मास्तर. पदानं तो हवालदारच, पण त्याच्याशी वाकडं घ्यायचं नसतं, हे नवा शिपाई पहिल्याच आठवड्यात शिकतो. सही वरिष्ठ निरीक्षकांची असते. पण साहेबांसमोर रोज पन्नास कागद येतात, आणि ड्युटीचा कागद त्यातला एक. मुलाच्या बारशाला सुट्टी मिळणार की ऐनवेळी बंदोबस्त लागणार, याचं उत्तर बऱ्याचदा मास्तरांच्या पेनात असतं.

पोलिसांचं मनोबल, शिस्त, व्यावसायिकता यांवर व्याख्यानं पुष्कळ होतात. योगासनांची शिबिरं होतात, ताणमुक्तीची सत्रं होतात. (त्या सत्रांनाही माणसं ड्युटी लावूनच पाठवतात, ही गंमत वेगळी.) आपण आज मात्र त्या कागदाकडेच बघणार आहोत.

(दृश्य: हार्बर मार्गावरची लोकल. साध्या कपड्यातला, पाठीवर सॅक घेतलेला पोलीस दाराशी उभा.)

मुंबईच्या ठाण्यात वर्षानुवर्षं बारा तासांची पाळी चालत आली. बारा ही कागदावरची संख्या. पाळी संपता संपता एखादा कॉल आला, रस्त्यावरून कोणी मोठं माणूस जाणार असलं, तर बाराचे चौदा होतात. आता यात प्रवास मिळवा. मुंबई पोलिसातला शिपाई मुंबईत राहतोच असं नाही. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी, पोलीस लाइनी, यात जितके मावले तितके मावले. बाकीचे बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवली, पनवेल. बदलापूरहून कुर्ला, कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडी, तिथून ठाणं. दारापासून दारापर्यंत दोन तास सहज जातात. जायचे दोन, यायचे दोन, मध्ये बारा. उरलेल्या आठ तासांत जेवण, अंघोळ, वर्दीला इस्त्री, घरच्यांशी दोन शब्द, आणि झोप.

याविरुद्ध दाद मागायची कुठे? कायद्याचं म्हणणं स्पष्ट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. कलम २८ सांगतं की पोलीस हा सदैव कर्तव्यावर असल्याचं मानलं जाईल. कारखान्यातल्या कामाच्या तासांना कायद्यानं मर्यादा आहे, पोलिसाला ‘सदैव’.

आणि संघटना? ती एकदा होती.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. ऑगस्ट १९८२ची मुंबई.)

१५ ऑगस्ट १९८२ला मुंबईतल्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला सरकारनं संघटनेवर कारवाई केली आणि शहर पेटलं. वर्दीतले शिपाई रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, लष्कर बोलवावं लागलं. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. संघटना मोडली गेली ती पुन्हा उभी राहिली नाही. त्यानंतर महाराष्ट्रातल्या पोलिसाला आपलं गाऱ्हाणं सांगायच्या दोनच जागा उरल्या: अर्दली रूम, म्हणजे एकट्यानं साहेबांपुढे उभं राहून मांडायची तक्रार, आणि दरबार, म्हणजे साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून घेतलेली बैठक. म्हणजे साहेबांविषयी सांगायचं असलं, तरी ते साहेबांपुढेच सावधान उभं राहून सांगायचं.

२०१४ साली केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोलीस संशोधन आणि विकास विभागासाठी देशभरातल्या ठाण्यांचा एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की ठाण्यातले जवळपास ९० टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांहून जास्त काम करतात. ७३ टक्क्यांहून अधिक जणांना महिन्यात एकही साप्ताहिक सुट्टी धड मिळत नाही. आणि तीन पाळ्या लावायच्या तर मंजूर मनुष्यबळ साधारण १.६८ पट करावं लागेल. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. कारण पुढची कित्येक वर्षं प्रत्येक बैठकीत तोच पुढे करून विषय संपवला गेला. माणसं नाहीत, म्हणून आठ तास नाहीत. चला, पुढचा मुद्दा.

(दृश्य: गोवंडी-देवनार परिसर. अरुंद गल्ल्या, कत्तलखान्याकडे जाणारा रस्ता.)

देवनार. मुंबईच्या पूर्व उपनगरातलं हे ठाणं कोणी हौसेनं मागून घेत नाही. दाट वस्ती, गरिबी, जवळ शहराचा कचरा साठवणारं डम्पिंग ग्राउंड. बकरी ईदच्या आधी कत्तलखान्यात देशभरातून बोकड येतात, त्यांच्यामागे व्यापारी, त्यांच्यामागे पैसा, आणि या सगळ्यामागे बंदोबस्त.

याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्यानं आठ तासांचं गणित मांडून दाखवलं. कुणी आयपीएस अधिकारी नाही, सल्लागार संस्था नाही. ठाण्यात किती माणसं आहेत, दिवसाच्या कुठल्या वेळी खरोखर किती लागतात, कुठे दोघांच्या जागी चौघं नुसती उभी असतात, हे त्याला ठाऊक होतं, कारण त्या जागी तो स्वतः उभा राहिला होता. दत्ता पडसलगीकर २०१६च्या जानेवारीअखेर मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. हा प्रस्ताव त्यांच्यापर्यंत पोहोचला, त्यांनी तो ऐकून घेतला, आणि मे २०१६मध्ये देवनार ठाण्यात प्रयोग सुरू झाला. आठ तास काम, सोळा तास मोकळे.

१९८२नंतरच्या खात्यात शिपायानं केलेला तक्ता आयुक्तांच्या टेबलावर जाणं आणि तिथून आदेश होऊन परत येणं, ही गोष्ट मला त्या आठ तासांइतकीच मोठी वाटते.

बातम्यांमध्ये या प्रयोगाचं वर्णन ‘पोलिसांना दिलासा’ असं झालं. दिलासा होताच. शिपाई मुलांच्या शाळेत जाऊ लागले, घरी बसून जेवू लागले. पण ठाण्याच्या आत आणखी एक फरक पडत होता, आणि तो कॅमेऱ्याला दिसत नाही.

(दृश्य: कोठडीचं दार, किल्ल्यांचा जुडगा, उघडी नोंदवही.)

बारा तासांच्या पद्धतीत माणूस नेहमी हाताशी असतो. कमी पडलं तर थांबवून घ्या. त्यामुळे आधी ठरवायची गरजच पडत नाही. आठ तासांची पाळी लावली की साहेबांना बसून विचार करावा लागतो. सकाळी आठला किती माणसं लागतात? दुपारी चारला? रात्री दोनला? त्या चौकीवर दोघं कशासाठी? हा शिपाई तीन वर्षं नुसता फायली का वाहतोय? पर्यवेक्षण म्हणतात ते इथून सुरू होतं. माणूस वेळेवर आला का, टोपी नीट आहे का, हे बघणं सोपं. त्याला तिथे उभं करायची गरज होती का, हा प्रश्न स्वतःला विचारणं अवघड.

दुसरं म्हणजे, तक्ता ठरलेला असला की मेहेरबानीला जागा कमी उरते. चांगली ड्युटी बक्षीस म्हणून आणि वाईट ड्युटी शिक्षा म्हणून वापरायची रीत प्रत्येक खात्यात असते. कसुरी अहवाल पाठवायचा तर कारण लिहावं लागतं, चौकशी होते, अपील होतं. सलग चार रात्रपाळ्या लावायला कारण लागत नाही. ज्याच्यावर ही वेळ येते तो तोंडानं काही बोलत नाही. तो मग कामात हिशेब चुकता करतो. रात्री दीडला मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला सांगतो, ‘साहेब नाहीत, सकाळी या.’ जिथे दखलपात्र गुन्हा दाखल व्हायला हवा तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून मोकळा होतो. त्या बाईला वाटतं पोलीस निर्ढावलेत. तेही खरं असेल, पण तो विसाव्या तासाला जागा आहे, हेही तितकंच खरं.

अडचणी होत्याच. दिवसात दोनदा होणारी चार्जची देवाणघेवाण तीनदा होऊ लागली. कोठडीतले आरोपी मोजून घ्यायचे, हत्यारं आणि काडतुसं मोजायची, अर्धवट राहिलेले कॉल पुढच्याला सांगायचे. यात एक गोष्ट सांगायची राहिली की तिचे धागे सापडत नाहीत. शिवाय तपास काही पाळीप्रमाणे चालत नाही. पंचनामा अर्धा टाकून ‘माझे आठ तास झाले’ असं म्हणता येत नाही.

आणि एक गोम अशी की ही सोय अंमलदारांसाठी होती. उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, ठाण्याचे प्रमुख यांचे तास कोणी मोजले नाहीत. म्हणजे ज्यानं देखरेख ठेवायची तो ज्याच्यावर ठेवायची त्याच्याहून जास्त दमलेला. तपासाच्या फायली, वरून येणारे फोन, दर आठवड्याच्या बैठका, आणि त्यात तीन पाळ्यांवर लक्ष. कलेनं घेणारा अधिकारीही अशा वेळी ओरडूनच काम करून घेतो, कारण समजावून सांगायला वेळ लागतो आणि तोच नसतो.

तरीही २०१७ उजाडता उजाडता ही पद्धत मुंबईच्या सगळ्या ठाण्यांत लागू झाली. १.६८ पट माणसं काही आली नव्हती.

(दृश्य: मार्च-एप्रिल २०२०. रिकामे रस्ते, बॅरिकेड, मास्क लावलेले पोलीस.)

मग करोना आला. पोलीस नाक्यावर उभे राहिले आणि आजारी पडू लागले. एप्रिलअखेर काही सहकाऱ्यांचा मृत्यू झाल्यावर मुंबईत ५५ वर्षांवरच्यांना घरी थांबायला सांगण्यात आलं. माणसं कमी झाली, तक्ते बदलले, लांब पाळ्या परत आल्या. साथ ओसरली, तरी ठरलेली घडी पहिल्यासारखी बसली नाही. आयुक्त बदलले की ड्युटीची पद्धत बदलायची, असंही होऊ लागलं. इथे कायद्यातली एक तरतूद आठवते. अंमलदाराचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कालावधी पाच वर्षं, ठाण्यातल्या निरीक्षकाचा दोन. म्हणजे शिपाई एकाच ठाण्यात दोन-तीन साहेब बघतो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक म्हणतो रजा आधी मागा, दुसरा म्हणतो आदल्या दिवशी बोला, तिसऱ्यापुढे बोलायची सोय नाही. त्यामुळे जुने हवालदार नव्या साहेबांच्या सुधारणेकडे शांतपणे बघतात. दोन वर्षांचाच प्रश्न असतो.

(दृश्य: जिल्ह्यातलं एक छोटं ठाणं. कौलारू इमारत, अंगणात जप्त केलेल्या मोटारसायकली.)

मुंबईत निदान माणसं हलवायला जागा आहे. जिल्ह्यातल्या छोट्या ठाण्याचं काय?

समजा, ठाण्यात तीस अंमलदार आहेत. हद्दीत पन्नास-साठ गावं, एक आठवडी बाजार, एक यात्रा. आता तीसमधून वजा करत चला. एक हजेरी मास्तर. एक गुन्ह्यांची कागदपत्रं लिहिणारा क्राइम रायटर. एक मुद्देमाल कारकून. एक गोपनीय माहिती काढणारा. एक सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत नोंदी भरणारा. दोन चालक. दोघं समन्स-वॉरंट बजावायला. एक कोर्टात पैरवीला. दोघं प्रशिक्षणाला, दोघं मुख्यालयात जमा, तिघं रजेवर, एक आजारी. राहिले बारा. त्यांच्या तीन पाळ्या केल्या की एका वेळेला चार. त्यातला एक ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत, एक मदतनीस, एक कोठडीवर. उरला एक, आणि पन्नास-साठ गावं.

हे गणित मांडल्यावर निरीक्षक आठ तासांचं नाव काढत नाहीत, आणि त्यांना दोष देणं अवघड आहे. पण अशाही ठाण्यात एक करता येतं, आणि काही ठिकाणी अधिकारी ते करतात. आठवड्याचा तक्ता रविवारीच फळ्यावर लावायचा. सुट्टी मोडली तर कुणी मोडली आणि बदली सुट्टी कधी, ते समोर लिहायचं. रात्रपाळीचा क्रम नावांनुसार फिरवायचा, चेहऱ्यानुसार नाही. याला पैसा लागत नाही. मात्र साहेबांना आपल्या हातातला थोडा अधिकार फळ्यावर ठेवावा लागतो, म्हणून ते फार ठिकाणी होत नाही.

सरकारनं दुसऱ्या बाजूनं काही पावलं टाकली. २०२२मध्ये शिपाई आणि हवालदार यांच्यामधलं पोलीस नाईक हे पद रद्द झालं. आयुष्यभर दोन फितींवर अडकलेल्या शिपायाला निवृत्तीआधी फौजदार, म्हणजे उपनिरीक्षक, होण्याची वाट थोडी जवळ आली. त्याच वर्षी नैमित्तिक रजा १२वरून २० झाल्या. रजा वाढल्या हे चांगलंच झालं, पण त्या मंजूर होणार शेवटी त्याच तक्त्याकडे बघून.

(दृश्य: महिला पोलीस शिपाई ठाण्यातून बाहेर पडते. बाहेर अजून उजेड आहे.)

सप्टेंबर २०२१मध्ये पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश काढला. जानेवारी २०२२मध्ये मुंबईनंही तसा आदेश काढला. महासंचालकांच्या आदेशात सणासुदीची आणि आणीबाणीची सवलत होती. पण आठ तासांपुढे थांबवायचं असेल तर जिल्ह्याच्या अधीक्षकांची किंवा शहरात उपायुक्तांची परवानगी घ्यायची होती.

आजवर घरी जायची परवानगी शिपाई मागत असे. या आदेशात ती थांबवून घेणाऱ्यानं मागायची होती.