खंडाचं टेबल

[वरून घेतलेलं दृश्य. गोल टेबल सावकाश फिरतंय.]

वरून पाहिलं तर जातंच वाटतं. गोल, जड, मधल्या खुंट्याभोवती फिरणारं, आणि मधोमध एक तोंड. जात्याच्या तोंडात धान्य पडतं. यात पैसे पडायचे. वर झाकण, झाकणाला कुलूप.

याला रेंट टेबल म्हणतात. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बड्या जमीनदाराचा कारभारी अशा टेबलाशी बसून कुळांकडून खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, घ्यायचा. हप्त्यांचे दिवस ठरलेले: 25 मार्च, 24 जून, 29 सप्टेंबर, 25 डिसेंबर.

[जवळून: खणांची रांग. हात एकेक मूठ ओढून पाहतो.]

आता हे नीट बघा. गोल टेबलात चौकोनी खण बसवायचे, तर दोन खणांच्या मध्ये पाचरीसारखी जागा उरते. मग सुतार काय करतो? तिथे खोटा खण लावतो. तशीच मूठ, तशीच कड. ओढलं तर हलत नाही. एक खरा, एक खोटा, पुन्हा एक खरा. काही कारागीर मात्र ती पाचर वाया जाऊ देत नसत. ते खणच निमुळता करत, पुढे रुंद, मागे टोकदार. लाकूडकामात हे सोपं नाही.

खणांवर हस्तिदंताची किंवा हाडाची अक्षरं जडवलेली. ए, बी, सी, डी. कुळाच्या आडनावाचं पहिलं अक्षर शोधायचं. कारभारी खुर्चीतून उठतच नाही. टेबलाला हाताने जरा ढकललं, की स्मिथचे कागद समोर. खालच्या चौकोनी कपाटात जाडजूड खातेवह्या.

[नॉस्टेल, यॉर्कशायरमधला जमीनदाराचा वाडा. ग्रंथालय.]

हे रेंट टेबल नाही, ग्रंथालयातलं लिहायचं टेबल. ते फिरत नाही. नामांकित फर्निचर कारागीर थॉमस चिपेंडेलने 1767 मध्ये वाड्याचे मालक सर रोलंड विन यांच्यासाठी केलेलं. दारांच्या आत एका बाजूला खण, दुसऱ्या बाजूला कप्पे. किंमत 72 पौंड 10 शिलिंग. विनसाहेबांकडे खंड यायचा, पण सुताराचे पैसे ते रखडवायचे. चिपेंडेलची काकुळतीला आलेली पत्रं आजही आहेत.

[लाकडाच्या रेषांवरून कॅमेरा सरकतो.]

लाकूड महोगनी. 1721 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींच्या लाकडावरची जकात उठली आणि जमैकाचे ओंडके इंग्लंडला येऊ लागले. तिथे झाडं तोडणारे गुलाम होते. ज्या काळात हे खण भरत होते, त्याच काळात संसदेच्या कायद्यांनी गावोगावची सामाईक रानं कुंपणात गेली.

[चर्मपत्रावरचा दस्त. लाखेची मोहोर.]

इंग्लंडमधल्या 1925 च्या मालमत्ता कायद्यांनंतर जमिनीची मालकी सिद्ध करायला फार जुने दस्त लागेनात. कितीतरी चर्मपत्रं दिव्यांच्या शेड करायला विकली गेली. टेबलं जपली गेली, कारण ती दिसायला देखणी. लिलावात येतात ती रिकामीच. कागदांशिवाय हे टेबल म्हणजे बैल नसलेली गाडी, असं आमचं मत आहे.

आम्ही चित्रीकरणाला पोचलो तेव्हा पैशांच्या झाकणावर फुलदाणी होती. मालकांना ती उचलायला सांगितली. त्यांनी उचलली, खाली उमटलेलं पाण्याचं वर्तुळ रुमालाने पुसलं.

[वर्तुळ जात नाही. झाकण मिटतं. फक्त आवाज.]