चार सीडी, एकाच वेळी

मंडळी, बाहेरच्या फलकावर आजचा विषय लिहिलाय तो असा: 'झायरीका आणि त्याचे श्रोते'. फ्लेमिंग लिप्स हा बँड अंबाजोगाईतल्या या खोलीत बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आहे, म्हणून कुळकथा लांबवत नाही. ओक्लाहोमाचा बँड, १९८३ची स्थापना, वेन कॉइन, मायकल आयविन्स आणि नंतर आलेला स्टीव्हन ड्रोझ्ड. १९९६मध्ये गिटारवाला रोनाल्ड जोन्स बाहेर पडला आणि उरलेल्या तिघांनी आपला जुना, गिटारवर उभा असलेला आवाज बाजूला ठेवला. पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर १९९७ला, वॉर्नर ब्रदर्सनं त्यांचा 'झायरीका' हा अल्बम काढला. डबीत चार सीडी. चारही सीडींवर त्याच नावांची आठ गाणी, त्याच क्रमानं. एकामागून एक ऐकण्यासाठी त्या केलेल्याच नाहीत. चार प्लेयरवर, एकाच क्षणी, सगळ्या मिळून लावायच्या.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. या अल्बमवर जो वाद झाला, म्हणजे एका समीक्षेत दहापैकी शून्य आणि दुसरीकडं मित्र जमवून ऐकणारे चाहते, त्याच्या मुळाशी आवडनिवड फारशी नव्हती. ऐकायला किती माणसं जमली होती, यावर तो वाद ठरला. हे पटवायचं तर आधी थोडं यंत्रात शिरावं लागेल. कंटाळा येणार नाही, कारण सप्ताहाला साउंड लावणारी दोन-तीन मंडळी समोर बसलेली दिसतायत.

सुरुवात सीडीची नाही, कॅसेटची आहे. कॉइननं सांगितलेली गोष्ट अशी, की सत्तरच्या दशकात एका रॉक मैफलीबाहेर गाड्या उभ्या होत्या आणि अनेक गाड्यांमधून योगायोगानं एकच गाणं एकाच वेळी ऐकू आलं. तो अनुभव त्याच्या डोक्यात राहिला. १९९६-९७मध्ये त्यानं ४० कॅसेट तयार केल्या. लोकांना सांगितलं, गाड्या घेऊन वाहनतळावर या. आलेल्या प्रत्येक गाडीला एक कॅसेट द्यायची, सगळ्यांनी ती डेकमध्ये घालायची, खिडक्या-दारं उघडी ठेवायची आणि इशारा झाला की बटण दाबायचं. रचना साधारण वीस मिनिटांची. प्रत्येक कॅसेटवर वेगळा तुकडा. पूर्ण रचना कुठल्याच गाडीत नव्हती. ती गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती आणि ऐकायची तर गाडीतून उतरून चालावं लागायचं.

इथं एक हिशेब करा. गाडीतल्या कॅसेट डेकचा वेग कधीच तंतोतंत नसतो. पट्टा सैल झाला, रबरी रोलर झिजला, मोटर तापली, की एक-दोन टक्के इकडंतिकडं सहज होतं. दोन डेकमध्ये एक टक्का फरक धरा. वीस मिनिटं म्हणजे १२०० सेकंद, त्याचा एक टक्का म्हणजे १२ सेकंद. शेवटाला पोहोचेपर्यंत एक गाडी दुसरीच्या १२ सेकंद पुढं! ठेक्याला ठेका लावणारं गाणं यात टिकणार नाही. म्हणून त्या रचना लांब, वाहत्या सुरांच्या होत्या, सरकल्या तरी न मोडणाऱ्या. यंत्राची खोड ओळखून संगीत रचणं यालाच मी कारागिरी म्हणतो. याच्या आधी १९५१मध्ये जॉन केज या अमेरिकन संगीतकारानं बारा रेडिओंसाठी रचना केली होती, एका रेडिओला दोन माणसं, एक स्टेशन फिरवायला आणि एक आवाज कमी-जास्त करायला. पण ते वादक होते. कॉइननं तेच काम गाडी घेऊन आलेल्या ऐकणाऱ्यांच्या हाती दिलं. पुढं गाड्यांच्या जागी टेपरेकॉर्डर आले, चाळीसपर्यंत माणसं मंचावर बसवायची आणि कॉइन-ड्रोझ्डनं हातवारे करून आवाज वर-खाली करवून घ्यायचा.

हे घरी कसं न्यायचं? चाळीस डेक कुणाच्या घरी नसतात. चार मित्रांचे चार प्लेयर मात्र एका खोलीत आणता येतात. झायरीका तिथून आला.

आता आवाज पोचायला लागणाऱ्या वेळाचं बघू. सप्ताहात देवळाच्या कळसाजवळ एक भोंगा आणि वेशीवर दुसरा असतो. वायरमधून आवाज दोन्हीकडं एकदम पोचतो, हवेतून मात्र सेकंदाला साधारण ३५० मीटरच जातो. दोन भोंग्यांत १७५ मीटर अंतर असेल तर वेशीवर उभ्या माणसाला हरिपाठाचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, मध्ये अर्धा सेकंद. देवळाजवळच्या माणसाला उलटा क्रम. मधल्या आळीत दोन्ही एकत्र. एकच हरिपाठ, पण गावातलं प्रत्येक घर तो वेगळा ऐकतं. (उन्हाळ्यात यातही बदल होतो बरं का. आपल्या ४२ अंशांत आवाज ३५७ मीटर जातो, थंडीच्या १२ अंशांत ३३९.) झायरीका हेच खोलीत करतो, फक्त चारही भोंग्यांतून वेगवेगळं येतं.

खोलीचा हिशेब. वीस बाय तीस फुटांची खोली घ्या, चार कोपऱ्यांत चार प्लेयर, तोंडं आत. तिरकं अंतर ३६ फूट, म्हणजे ११ मीटर. एका कोपऱ्यात बसलात तर समोरच्या कोपऱ्यातला आवाज ३१ मिलिसेकंद उशिरा येतो. कानाचा नियम असा, की तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन सारखे आवाज तो एकच धरतो. पन्नासच्या पुढं बोललेला शब्द दुहेरी होतो. ढोलाच्या थापेला तर याहून कितीतरी कमी पुरतं. म्हणजे खोली जेमतेम हद्दीत आहे. बटण दाबताना होणारी चूक मात्र हद्दीबाहेर जाऊ शकते.

म्हणून पद्धत नीट ऐका. सीडी घातल्यावर थेट प्ले दाबून सुरुवात करू नका. प्रत्येक प्लेयर सीडी फिरवून वाचायला वेगळा वेळ घेतो, एक सेकंदापासून तीन-चार सेकंदांपर्यंत. चौघांनी ट्रॅक निवडायचा, प्ले दाबायचं, लगेच पॉज करून शून्यावर आणायचं. सीडी फिरतेय, लेन्स जागेवर आहे. मग एकानं संथ, सारख्या लयीत मोजायचं: एक, दोन, तीन, चार. आणि 'चार'वरच बोट दाबायचं. 'चार' ऐकून मग दाबलंत तर प्रत्येकाला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो, तोही प्रत्येकाचा वेगळा. लयीत मोजल्यावर बोट आधीच तयार असतं आणि चूक वीस-चाळीसवर येते. टाळकऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

त्याआधी आवाज सारखा करून घ्या. खोलीच्या मध्यात उभं राहून एकेक प्लेयर एकटा वाजवायचा, फोनवरच्या डेसिबल मीटरनं चारही ७० च्या आसपास आणायचे. चारही वेगळे आवाज मिळून ७६ च्या आसपास होतात, एवढं पुरे.

बिघडतं कुठं? पहिलं, ब्लूटूथ. ब्लूटूथ स्पीकर दीडशे ते तीनशे मिलिसेकंद उशिरा बोलतो आणि प्रत्येक कंपनीचा उशीर वेगळा. वायर लावा. दुसरं, हातात धरायच्या छोट्या प्लेयरमधलं धक्का-रोधक बटण. ते आवाज आधी साठवतं, मग सोडतं. बंद करा. तिसरं, डीव्हीडी प्लेयर पॉजवरून उठायला आळशी असतात. चौथं, कुणाच्या तरी प्लेयरवर शफल चालू राहिलेलं असतं आणि चौघं एकमेकांकडं बघत बसतात. पाचवं, आपली धूळ. लेन्सवर थर बसला की सीडी उड्या मारते. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, हलक्या हातानं, आणि वाळू द्यायचं. सहावं, लाईट. निदान दोन टेपरेकॉर्डर सेलवर चालणारे ठेवा. आणि रात्री दहाच्या आत संपवा. नियम तर आहेच, शिवाय शेवटच्या गाण्यात चारी बाजूंनी कुत्री भुंकतात, गल्लीतली कुत्री त्यांना उत्तर दिल्याशिवाय राहणार नाहीत.

चारही प्लेयर एकाच कंपनीचे असतील तर एका रिमोटनं चारही एकदम सुरू होतात. युक्ती चांगली आहे, पण ती वापरू नका असं माझं म्हणणं आहे. का, ते पुढं येईल.

सगळं अचूक सुरू केलं तरी प्लेयर एकमेकांपासून सरकतातच. प्रत्येकात क्वार्ट्झचा स्फटिक वेळ मोजतो आणि दोन स्फटिकांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक अगदी सामान्य आहे. अल्बममधलं सर्वात लांब गाणं दहा मिनिटांच्या थोडं वर आहे, 'अ मशीन इन इंडिया' त्याचं नाव. दहा मिनिटांत तो फरक ३० मिलिसेकंद होतो. संपूर्ण अल्बम पाऊण तासाचा, तो सलग सोडला तर १३५. म्हणून प्रत्येक गाण्याआधी थांबायचं, पुन्हा मोजायचं, पुन्हा दाबायचं. आठ गाणी, आठ वेळा. मधल्या शांततेत माणसं बोलतात, जागा बदलतात, कुणीतरी चहा ओततं. माझ्या मते हा अल्बमचाच भाग आहे.

सहाव्या गाण्याबद्दल खबरदारी. त्यात फार वरच्या आणि फार खालच्या कंपनांचे आवाज आहेत, वेष्टनावरच इशारा छापलेला आहे की काहींना भोवळल्यासारखं होऊ शकतं. वरचे सूर तरुणांना बोचतात, पन्नाशीपुढच्यांना ऐकूच येत नाहीत. ज्याला ऐकू येत नाही त्यानं आवाज वाढवू नये. लहान मुलं खोलीत नकोत आणि गाडी चालवताना तर मुळीच नाही.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणून. मुख्य मुद्दा राहिलाय, तो भराभर मांडतो.

पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळानं झायरीकाला दहापैकी ०.० दिले. शून्य! मुख्य तक्रार ही, की एवढे प्लेयर आणायचे कुठून. १९९९मध्ये फ्लेमिंग लिप्सचा पुढचा अल्बम आला, 'द सॉफ्ट बुलेटिन'. तोच निर्माता डेव्ह फ्रिडमन, दोन्ही अल्बमचं काम बरंचसं एकाच काळात झालेलं, तेच रचणारे मेंदू. त्याला त्याच ठिकाणी १०.० मिळाले. दोन वर्षांत बँड शून्यावरून दहावर गेला नव्हता. दुसरा अल्बम एकट्यानं, एका प्लेयरवर ऐकता येत होता, एवढंच. पुढं पिचफोर्कचा संपादक झालेल्या मार्क रिचर्डसननं या शून्यवाल्या अल्बमवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि लोक एकत्र जमून तो कसा ऐकतात हा त्यातला जिव्हाळ्याचा भाग आहे. दुसऱ्या बाजूला, ज्यांनी मित्र गोळा केले, त्यांच्या बैठका आजही होतात. २०१३मध्ये रेकॉर्ड स्टोअर डेला, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांच्या वार्षिक दिवसाला, तो चार एलपी तबकड्यांवर निघाला, म्हणजे आता चार टर्नटेबल! एलपी शून्यावर पॉज करता येत नाही, चौघांनी सुया हातानं टेकवायच्या. तरीही लोकांनी घेतला. २०११मध्ये याच बँडनं बारा तुकडे यूट्यूबवर सोडले, बारा फोनवर एकदम लावायचे. तेही लोकांनी जमून लावले.

आता तक्रार, आणि ती मनापासूनची आहे. चारही सीडी संगणकात घालून, सरळ रेषेत लावून, दोन चॅनेलची एक फाइल केलेली लोक ऐकतात आणि 'झायरीका ऐकला' म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं आहे. प्रत्येक सीडीचा आवाज १२ डेसिबलनं उतरवायचा, कारण चार सारख्या लाटा एकावर एक आल्या तर तेवढी वाढ होते आणि आवाज फाटतो. पण या फाइलमध्ये चालायला जागा नाही. तिसऱ्या सीडीजवळ जाऊन उभं राहता येत नाही. चार सीडींमधून एक, दोन, तीन किंवा चारही अशा मिळून पंधरा जोडण्या होतात, फाइलमध्ये त्यातली एकच उरते. आणि सरकणं थांबतं. एकच लांब सूर दोन प्लेयरमधून येत असेल तर स्फटिकांतल्या फरकामुळं तो हळूहळू फुगतो आणि बसतो. हजार हर्ट्झच्या सुराला असं एक आवर्तन वीस सेकंदांचं होतं. ते कुणी वाजवलेलं नाही, तुमच्या खोलीतल्या दोन यंत्रांनी मिळून केलेलं आहे. एका रिमोटनं सुरू करू नका म्हणालो तेही यासाठीच. चार बोटांतला फरक रचनेत धरलेला आहे, तो काढलात तर बँडनं तुम्हाला दिलेलं काम तुम्ही परत केलंत.

मराठवाड्यात हा अल्बम वाजवणं अवघड आहे असं कुणी म्हणालं तर मी मानत नाही. सीडी प्लेयर मोडीत निघाले, पण जुन्या बाजारात, अडगळीत, लग्नात आलेल्या होम थिएटरच्या खोक्यांत ते आहेत. एकट्याकडं चार नसतील, चौघांकडं एकेक निघतो.

तर आता बोलणं पुरे. मागच्या भिंतीला चार टेबलं लावलेली आहेत, चारही यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची, दोन सेलवर. चौघं पुढं या. मोजायला ताई, तुम्ही या, तुमचा ठेका मघाशी प्रार्थनेला ऐकला. दोन नंबरचा ट्रॅक, सात मिनिटांचा. पॉजवर शून्य दिसतंय का ते चौघांनी मोठ्यानं सांगा. बाकीच्यांनी खुर्च्या बाजूला सरकवा आणि उभे राहा, एका जागी थांबू नका. चौथ्या टेबलावरच्या दादा, शफल बंद आहे ना?