तानपुरा, सॅक्सोफोन आणि एलपीची एक साईड

साल 1966, शहर लंडन, एलपीचं (म्हणजे लाँग-प्लेइंग तबकडीचं) नाव इंडो-जॅझ सूट. एका रेकॉर्डवर दहा वादक, अर्धे जॅझवाले आणि बाकीच्यांकडे सतार, तबला, तानपुरा, बासरी, व्हायोलिन. सॅक्सोफोनवर जो हॅरियट, मूळचे जमैकाचे. संगीत लिहिलंय जॉन मायर यांनी, ते कलकत्त्यात जन्मले आणि लंडनला येऊन तिथल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये व्हायोलिन वाजवायचे. आणि तबल्यावर आहेत आपले केशव साठे!

त्या काळात मध्येच सतारीचा तुकडा टाकून गाणं सजवायची फॅशन आलीच होती. मायरनी तसं नाही केलं, त्यांनी अख्खे रागच घेतले. चारातल्या दोन रचनांची नावंच राग मेघ आणि राग गौड सारंग अशी आहेत. आता गौड सारंग म्हणजे दुपारचा राग, सगळी वक्र चाल, त्याचे स्वर नुसते ओळीने वाजवले तर तो गौड सारंग होतच नाही, आणि हॅरियट काही कुणा उस्तादांसमोर बसून राग शिकलेले नव्हते. म्हणून मायरनी बराचसा भाग लिहूनच दिला आणि मधल्या मोकळ्या जागांमध्ये ठरलेल्या स्वरांवर हॅरियटना वाजवू दिलं. हे त्यांना जमणारच होतं, कारण 1960 मध्येच त्यांनी फ्री फॉर्म ही रेकॉर्ड केली होती, कॉर्ड्सच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, ठरलेल्या चौकटीबाहेर जाऊन. परंपरा तिचे नियम घेऊन आली की समोरच्यालाही नवीन काहीतरी सुचतं, मला तरी ही रेकॉर्ड ऐकताना दर वेळी हेच जाणवतं.

आणि यात एलपीचा वाटा मोठा आहे बरं का. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, ख्याल गाणारे आणि जॅझवाले दोघेही त्यात कोंडले गेले होते. 1948 मध्ये मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची एलपी आली आणि एका साईडला वीस मिनिटांच्या वर जागा मिळाली, म्हणजे आलापाला वेळ, सोलोला वेळ. फक्त सुई आतल्या कडेला गेली की खाच तिच्याखालून हळू सरकते, त्यामुळे वरच्या पट्टीतलं बारीक काम तिथे थोडं अस्पष्ट होतं.

पुढे 1971 मध्ये अमेरिकेत जॅझमधल्या हार्पवादक अ‍ॅलिस कोलट्रेन यांची जर्नी इन सच्चिदानंद ही रेकॉर्ड आली. तिच्या पहिल्याच ट्रॅकवर आधी तानपुरा लागतो, मग सेसिल मॅकबी यांचा बास एकच ओळ घोळवत राहतो आणि त्यावर हार्प. तिथे राग असा नाहीच, पण षड्जाला, म्हणजे सा ला, धरून बसायची ती सवय पूर्ण आपली आहे.

इंडो-जॅझ सूट पहिल्यांदा लावाल तेव्हा सॅक्सोफोनच्या मागे लगेच धावू नका, आधी साठेंचा तबला पकडा, मग रिक लेअर्ड यांचा बास. हेच लेअर्ड पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये होते.